भुरीला घर मिळेपर्यंत

"बाई, हळद छत्तीस पोती आणि हे एक," असं म्हणत टेंपोवाल्यानं ताडपत्रीचं टोक उचललं. पोत्यांमधल्या खाचेत एक कुत्री अंगाची जुडी करून पडली होती. लांबट तोंड, खोल छाती, कंबर इतकी बारीक की दोन ओंजळींत मावावी. रंग भुरा. मागच्या उजव्या मांडीवरची तळहाताएवढी कातडी लोंबत होती. अथणीकडून येताना रस्त्याकडेच्या काटेरी तारेत अडकलेली ती त्याला दिसली. त्यानं तार सोडवली, जखमेत मूठभर हळद भरली आणि तिला गाडीत घातलं.

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी हिशेब लिहिते. जानेवारीचा शेवट होता, नव्या हळदीचे सौदे सुरू झालेले. सकाळच्या सौद्याचं काम टाकून मी कुत्रं घेऊन रिक्षात बसले आणि मालक त्यावर एक शब्द बोलले नाहीत, हे मी विसरणार नाही.

डॉक्टरांचा पहिला अर्धा तास हळद धुण्यात गेला. मग बावीस टाके. टाके घालण्याआधी त्यांनी मला एक गोष्ट समजावून सांगितली, ती तेव्हा डोक्यात शिरली नाही, पण पुढं फार उपयोगी पडली. असल्या सडपातळ, पळणाऱ्या कुत्र्यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, आणि भुलीची काही औषधं त्यांच्या अंगातून लवकर उतरत नाहीत. थायोपेंटोनसारखं औषध दिलं तर ती तासन्‌तास गुंगीत राहू शकतात. म्हणून त्यांनी दुसरं औषध वापरलं, आणि "पुढं कुणीही हिला भूल देणार असेल तर आधी ही कुठल्या जातीची आहे ते सांगायचं," असं बजावलं.

जात तरी कुठली? आमच्याकडं असं कुत्रं दिसलं की लोक "कारवान" म्हणून मोकळे होतात. जत, आटपाडीकडं धनगरांच्या तळावर ती दिसतात, आणि जिथल्या नावानं ती मुधोळ म्हणून ओळखली जातात ते मुधोळ बागलकोट जिल्ह्यात, आपल्यापासून फार लांब नाही. पण डॉक्टरांच्या मते हिच्यात ग्रेहाउंडचंही रक्त होतं आणि आणखी कुठल्या तरी गावठी कुत्र्याचंही. "विलायतेत असल्या संकराला लर्चर म्हणतात," ते म्हणाले. तिकडं ग्रेहाउंडसारख्या नजरेनं शिकार करणाऱ्या कुत्र्याचा मेंढ्या राखणाऱ्या नाहीतर टेरियर कुत्र्याशी संकर करत आले. चोरून ससे मारणाऱ्यांचं कुत्रं अशी त्याची जुनी ओळख. इंग्लंडात कुत्र्यांकरवी हेअर जातीचे मोठे रानससे धरण्यावर २००४ च्या कायद्यानं बंदी आली, तरी आश्रयकेंद्रांत आजही कितीतरी लर्चर घराची वाट बघत असतात. कुणाला तरी त्यांचं पळणं हवं असतं, आणि ते संपलं की कुत्रं नको असतं. हिच्या गळ्याला नायलॉनच्या दोरीचा जुना, केस गेलेला वळ होता. मी त्यावरून बोट फिरवलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले, अंग चोरलं नाही.

वजन भरलं सोळा किलो. तेवीस तरी पाहिजे होतं. दातांवरून वय तीन वर्षांच्या आसपास. रक्ताच्या तपासणीत गोचीड ताप निघाला. तिथंही एक खाच होती. रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण अडतीस टक्के आलं. इतर कुत्र्यांत ते चालून जातं, म्हणून प्रयोगशाळेच्या कागदावर त्यापुढं काही खूण नव्हती. पण ह्या पळणाऱ्या जातींत ते पन्नासच्या पुढं असतं, म्हणजे हिच्या अंगात रक्त कमीच होतं. हे ज्याला माहीत नाही त्यानं तिला ठणठणीत म्हणून घरी पाठवलं असतं. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या अठ्ठावीस दिवस, सोबत उकडलेली अंडी, भात, कोंबडीचं काळीज, थोडं थोडं करून दिवसातून चार वेळा.

घरी सासूबाई होत्या (मी त्यांना आई म्हणते), नववीतला मुलगा होता, आणि मनी होती. मनी म्हणजे आमची बारा वर्षांची मांजर. पहिल्या दिवशी भुरीनं मनीकडं ज्या नजरेनं बघितलं ते बघून माझ्या पोटात खड्डा पडला. गुरगुरणं नाही, दात दाखवणं नाही. ती नुसती थिजली, मान लांब झाली, एक पाय हवेत राहिला. त्या दिवसापासून मनी स्वयंपाकघरात आणि भुरी पुढच्या खोलीत, मधलं दार कायम बंद. "भुरीला तुम्हीच का नाही ठेवून घेतलं?" असं पुढं मला कितीतरी जणांनी विचारलं. त्याचं उत्तर हे दार होतं. म्हाताऱ्या मांजरीला आयुष्यभर एका खोलीत कोंडून ठेवणं मला जमणार नव्हतं, आणि एखाद्या दिवशी दार उघडं राहिलं असतं तर त्यात भुरीचाही दोष नसता.

आधी तिचा मालक शोधला. पोलीस ठाण्यात सांगितलं, टेंपोवाल्यानं वाटेवरच्या गावांत विचारलं. आठवड्यानं एकजण आला. म्हणाला, माझीच आहे, ससं लई भारी धरती. मी विचारलं, हिच्या पुढच्या डाव्या पायाला काय खूण आहे? त्याला सांगता आलं नाही. त्या पायाचं एक नख मुळापासून गेलेलं आहे, जुनं आहे, रोज खायला घालणाऱ्याला ते माहीत असतंच. मी त्याला एवढंच म्हटलं की सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि कुत्री पाहिजे असेल तर पोलीस ठाण्यात येऊन घेऊन जा. तो परत आला नाही. माझे हात मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

फेब्रुवारीत जखम भरली. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर चाळीस फुटी दोरी लावून आम्ही तिला पहिल्यांदा पळू दिलं. त्यासाठी अंगपट्टा शिवून घेतला होता, कारण लांब दोरी गळ्याला लावून झटका बसला तर मानेला इजा होते. मी कुत्री पळताना पाहिली आहेत. हे वेगळं होतं. दोन झेपांत चारी पाय जमिनीच्या वर, पाठ धनुष्यासारखी वाकून परत ताणलेली, आणि कान मागं चिकटलेले. आईंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. मुलानं मोबाइलवर ते टिपलं आणि "घर हवे आहे" असं लिहून नातेवाइकांना, शाळेच्या ग्रुपवर, सगळीकडं पाठवून दिलं.

त्या संध्याकाळपासून फोन थांबेनात. तीन-चार दिवसांत चाळीसच्या वर आले असतील. किती पळते? कितीला देणार? पिल्लं झाली आहेत का? जत्रेतल्या शर्यतीत उतरवली होती का? एकानं तर दोन वेळा फोन करून भाव वाढवला. मी "विकायची नाही" म्हटलं की पलीकडचा माणूस गोंधळायचा. ह्यात मुलाची चूक नव्हती. त्यानं तिची सगळ्यात देखणी गोष्ट जगाला दाखवली होती. पण तिला मालक मिळाला असता तो त्या झेपांना मिळाला असता. दिवसाचे सोळा-सतरा तास ती झोपते, कुशीत तोंड खुपसून नाहीतर चारी पाय वर करून, आणि घर शोधायचं होतं ते ह्या झोपणाऱ्या कुत्रीसाठी. आम्ही तो व्हिडिओ काढून टाकला आणि वाकळीवर उताणी झोपलेला फोटो पाठवला. फोन एकदम बंद झाले. त्या शांततेनं मला धीर आला, असं म्हटलं तर कुणाला पटणार नाही.

तासगावचे एक द्राक्षबागायतदार स्वतः गाडी घेऊन आले. माणूस भला, बोलणं सरळ. बागेला राखण हवी होती. भुरी त्यांच्या अंगावर भुंकली नाही, उठून बघितलंसुद्धा नाही. मी त्यांना सांगितलं की ही राखण करणारी नाही. रात्री उघड्यावर थंडीत राहणारी नाही. कातडी इतकी पातळ की द्राक्षाच्या तारेला घासली तरी फाटेल. आणि ससा उठला की ही हाकेला थांबणार नाही, मधे डांबरी रस्ता असला तरी. "मग बांधून ठेवतो की," ते म्हणाले. मी नाही म्हटलं. चांगल्या माणसाला नाही म्हणणं फार अवघड जातं. त्यांनी आणलेली द्राक्षांची पेटी परत घेतली नाही, आणि ती खाताना मला दोन दिवस वाईट वाटत राहिलं.

मग मिरजेचं एक कुटुंब आलं. नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी. मुलगी भुरीशेजारी जमिनीवर बसली आणि भुरीनं तिच्या मांडीवर हनुवटी ठेवली. मी विरघळले. घर बघायला गेले तेव्हा सगळं नीटनेटकं होतं, फाटक उंच होतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात भुरी गेली.

अकराव्या दिवशी सकाळी सात वाजता फोन आला. फिरायला नेली असता ती पट्ट्यातून निसटली होती. ह्या कुत्र्यांची मान डोक्याइतकीच जाड असते. साधा पट्टा घातला आणि तिनं मागं झटका दिला की तो मोज्यासारखा निघून येतो. त्यांच्यासाठी आम्ही रुंद, ओढलं की थोडा आवळणारा पट्टा दिला होता. तो सैल दिसतो म्हणून त्यांनी नवा चामड्याचा घातला. मी पट्टा दिला होता, पण तो तसाच का असतो हे सांगितलं नव्हतं. त्या सकाळच्या चार तासांत हे एकच वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. मुलगा, मी, ते दोघं, टेंपोवालासुद्धा, आम्ही रेल्वेलाइनच्या कडेनं हाका मारत फिरलो. गाडीचा आवाज आला की मी डोळे मिटायची.

ती सापडली एका बांधकामावरच्या सिमेंटच्या पाइपमध्ये. टेंपोवाल्याला दिसली. तो कुणाला न बोलावता पाइपच्या तोंडाशी पाठ करून बसून राहिला, वीस मिनिटं. ती आपण होऊन बाहेर आली आणि त्याच्या पाठीला टेकली. हा माणूस कधी कुत्रं पाळलेला नाही. त्याला हे कुणी शिकवलं?

मिरजेच्या कुटुंबानं ती परत दिली. भीती बसली होती त्यांच्या मनात, ती बरोबरच होती. मुलगी फाटकाशी उभी राहून रडत होती आणि मला तिच्याकडं बघवेना.

त्या रात्री मी हिशेबाच्या वहीचं एक पान फाडलं आणि लिहायला बसले. घरात मांजर, कोंबड्या, ससे आहेत का. शेजाऱ्यांकडं आहेत का. भिंत किती फूट, कारण पाच फुटांची भिंत ही उभ्या जागेवरून चढते. दिवसा घरात कोण असतं. रात्री कुत्रं कुठं झोपणार. आजारी पडली तर औषधपाण्याचा खर्च कोण करणार, घरात त्याला कुणाचा विरोध आहे का. पट्टा हाच का, हे तोंडी म्हणून दाखवायचं. बरगड्या दिसतात म्हणून लोक नावं ठेवतील, तेव्हा खायला घालून घालून फुगवायचं नाही. मागच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हीच हिची तब्येत. आणि शेवटी, मूल, बदली, आजारपण, काहीही कारणानं ठेवता आली नाही तर दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, मला परत द्यायची. कधीही, काही न विचारता.

आईंनी चष्मा लावून पान वाचलं. म्हणाल्या, "एक राहिलं. पुराचं."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. सांगलीत घर शोधत होते आणि हेच सुचलं नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फुटांची, हे इथल्या पोरासोरांना पाठ असतं. होडीत माणसं चढली आणि जनावरं मागं राहिली हे आम्ही डोळ्यांनी बघितलेलं आहे. गच्चीवर बांधलेलं एक कुत्रं मला आजही आठवतं. २०२१ च्या जुलैत परत तेच. मी पानावर शेवटचा प्रश्न लिहिला: पाणी चढलं तर हिचं काय?

एप्रिलमध्ये भुरीची नसबंदी करून घेतली, भुलीचं आठवणीनं सांगून. रेबीजची आणि बाकीच्या रोगांची लस झाली. वजन बावीसवर आलं. पुण्या-कोल्हापूरचे चार-पाच फोन त्या पानावरच्या पहिल्या दोन ओळींतच संपले.

मे महिन्यात आईंच्या भजनी मंडळाची बैठक आमच्याकडं होती. हरिपूरहून येणाऱ्या एका मावशींना आणायला त्यांचे यजमान आले, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. आत भजन रंगलेलं, म्हणून ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले. मी दीड तासानं चहा घेऊन गेले तर काका खुर्चीत पाय वर घेऊन, आखडून बसलेले. खाली जिथं त्यांचे पाय असायला हवे होते तिथं भुरी आडवी पसरली होती, तोंड उघडं, जीभ फरशीला लागलेली.

"काका, अहो उठवायचं की तिला."

"असू दे ताई. गाढ लागलीय." मग थोड्या वेळानं, "अंगावर केस न्हाईत हिच्या. थंडीत काय करती ही?"

एवढ्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. मी ते पान त्यांच्यासमोर लगेच ठेवलं नाही. आधी दोन दिवस स्वतःला आवरलं, मिरजेच्या वेळी मी फार लवकर विरघळले होते. मग आईंच्या हाती निरोप धाडला, आणि रविवारी टेप घेऊन हरिपूरला गेले.

संगमेश्वराच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं जुनं घर. दोघंच राहतात, मुलगा पुण्यात. मागच्या अंगणाची भिंत साडेचार फूट भरली. काकांनी खिशातून छोटी डायरी काढून आकडा लिहिला. मी जे जे म्हणत होते ते सगळं ते लिहीत होते, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात. शेजारी कोंबड्या होत्या. मावशी म्हणाल्या, त्या अंगणात येतात, अडवणार कसं? मी म्हटलं, मग अवघड आहे. वाद नाही, आग्रह नाही. काकांनी नुसतं लिहून घेतलं.

पुराचा प्रश्न मी विचारला तेव्हा मावशीच बोलल्या. २०१९ ला त्यांच्याकडं एक शेळी होती. पाणी पायरीला लागायच्या आधी काकांनी ती बुधगावला भावाकडं चालवत नेली होती, आणि लोक तेव्हा त्यांना घाबरट म्हणत होते. बुधगाव उंचावर आहे. "पर भावाकडं बी कोंबड्या हायत," काका म्हणाले, "तवा हिला तुमच्याकडं आणावं लागंल. चालंल?"

मी हो म्हटलं. त्यांनी लिहिलं: पाणी ३५ झालं की भुरी ताईंकडं.

तीन आठवड्यांनी निरोप आला, या बघायला. भिंतीवर बांबूच्या खांबांना जाळी ठोकून सात फूट उंची केली होती. कोंबड्या यायच्या त्या बाजूलाही जाळी होती, आणि तिचा निम्मा खर्च शेजाऱ्यांनी उचलला होता. माजघरात पलंगाशेजारी बाजलं, त्यावर मावशींनी जुन्या लुगड्यांची नवी शिवलेली वाकळ.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भुरी हरिपूरला गेली. साध्या कागदावर आम्ही दोघांनी सह्या केल्या. पट्टा घालताना काकांनी तोंडी म्हणून दाखवलं, मान डोक्याएवढी, म्हणून रुंद पट्टा, आत दोन बोटं जातील एवढाच सैल, बाहेर पडताना दर वेळी बघायचं. पंधरा दिवस मी जायचं नाही असं ठरवलं होतं, तिला दोन घरांत ओढाताण नको म्हणून. रोज रात्री साडेआठला काकांचा फोन यायचा, एस.टी.च्या वेळापत्रकासारखा. आज जेवली नाही. आज निम्मं जेवली. आज मावशींच्या मागं स्वयंपाकघरात गेली. नवव्या दिवशी फोन मावशींनी केला, आवाज बारीक करून: "अहो, ही बाजलं सोडून ह्यांच्या पायथ्याशी झोपलीय. उठवायचं का?"

मी म्हटलं, राहू दे.

आमच्या घरी मधलं दार उघडलं. मनी दोन दिवस उंबऱ्यावर बसून होती, मग पुढच्या खोलीत आली आणि जिथं भुरीची वाकळ असायची तिथं बराच वेळ हुंगत राहिली.

जुलैत पाऊस लागला. कोयनेतून पाणी सोडल्याच्या बातम्या सुरू झाल्या. एके दिवशी पहाटे पाचला दारात रिक्षा थांबली. रेनकोटात काका, हाताशी भुरी, तिच्या अंगावर मावशींच्या जुन्या छत्रीच्या कापडाचा अंगरखा. "पस्तीस झालं," ते म्हणाले. हातात पिशवी, त्यात औषधं, लसीचं कार्ड, आणि त्यांचा एक न धुतलेला खाकी शर्ट. मनी परत स्वयंपाकघरात गेली.

पाच दिवस भुरी आमच्याकडं होती. माझ्या पलंगाशेजारची तिची जुनी जागा मी पुसून ठेवली होती. तिनं ती हुंगली, माझा हात चाटला, आणि पुढच्या दाराशी जाऊन शर्टावर हनुवटी ठेवून पडून राहिली. जेवली नीट, झोपली नीट, पण दाराशीच. रात्री मी दोनदा उठून बघितलं.

पाणी उतरलं. सहाव्या दिवशी दुपारी रिक्षाचा आवाज यायच्या आधीच तिचे कान उभे राहिले. काका आत आले तेव्हा ती उडी मारत नव्हती, भुंकत नव्हती, त्यांच्या गुडघ्याला सगळं अंग टेकवून नुसती उभी होती. मी खिळ्यावरचा पट्टा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घातला, आत दोन बोटं घालून बघितली, आणि पायरी उतरण्याआधी थांबून परत एकदा बघितली.